फक्त खाडे लिहा

रविवारी सकाळी वरच्या खोलीतला मुलगा पोहे खायला खाली आला, तेव्हा मी त्याला साधा प्रश्न विचारला. "गेल्या सराव-परीक्षेत तुझं काय काय चुकलं रे?"

"एक मिनिट काकू, सगळं लिहून ठेवलंय," म्हणत त्याने लॅपटॉप उघडला. वर निळी पट्टी. तिच्याखाली विषयांचे चौकोन, प्रत्येकाला छोटं चित्र. उजवीकडे किती टक्के अभ्यास झाला ते दाखवणारं वर्तुळ. 'इलेक्ट्रिकल मशीन्स'वर टिचकी मारली, तर आत आणखी सात चौकोन निघाले. त्यातल्या एकात तक्ता, तक्त्याच्या ओळीवर टिचकी मारली की नवं पान. पोहे निवले. अखेर पाहिजे ते पान सापडलं. त्याला शीर्षक होतं, तारीख होती, तीन रंगांच्या खुणा होत्या आणि खाली एक अक्षरही नव्हतं.

"हे भरायचं राहिलं ना," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात सिस्टीम बदलली."

हा मुलगा आळशी नाही, हे आधीच सांगते. पांढुर्ण्याचा आहे, घरी संत्र्याची थोडी बाग आहे. रायसेन रोडवरच्या कॉलेजातून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली आणि आता गेट या परीक्षेची तयारी करतोय. तीन तासांत ६५ प्रश्न, १०० गुण. चार पर्यायांच्या प्रश्नाचं उत्तर चुकलं की मिळालेल्यातून गुण कापले जातात. या परीक्षेच्या गुणांवर सार्वजनिक क्षेत्रातल्या कित्येक कंपन्या भरती करतात, म्हणून घरच्यांचा जीव तिच्यात अडकलेला आहे. तो पहाटे उठतो, रात्री अकराला झोपतो. आणि चार महिन्यांत त्याने नोट्स ठेवायची पद्धत चार वेळा बदलली. आधी कॉपी (भोपाळात वहीला कॉपीच म्हणतात), मग फोनवरचं एक ॲप, मग दुसरं, मग तिसऱ्यात कुणाचा तरी तयार साचा, आणि आता त्या साच्यात स्वतः केलेले फेरफार. प्रत्येक वेळी जुनं सगळं नव्यात हलवायचं. अभ्यासाच्या मुलाचे किती दिवस या हमालीत गेले असतील!

भोपाळच्या आमच्या इंद्रपुरीत असा तो एकटा नाही. एका अंगाला भेल कारखान्याची वसाहत, दुसऱ्या अंगाला रायसेन रोडची कॉलेजं. त्यामुळे आमच्या सेक्टरांमधल्या निम्म्या माड्यांवर मुलंच राहतात. मुलताई, बैतूल, सौंसर, बुऱ्हाणपूरकडची मराठी बोलणारी पोरं बरीच असतात. संध्याकाळी चहाच्या टपरीवर अभ्यासाच्या गप्पा कानावर पडतात, त्यात किर्चहॉफच्या नियमांपेक्षा नोशन आणि ऑब्सिडियन ही ॲप्स जास्त. कोणतं ॲप बरं, कोणता साचा घेतलास, खुणा कशा लावतोस. हुशार मुलं आहेत ही. त्यांची बुद्धी भलत्या दारात चपला काढून बसली आहे, आणि मला याचा मनापासून राग येतो. राग मुलांवर नाही. त्यांना 'आधी व्यवस्था नीट लाव, मग अभ्यास आपोआप होईल' असं पटवून देणाऱ्या सगळ्या व्हिडिओंवर आहे.

नमनाला घडाभर तेल, असं आपण म्हणतो. या पोरांचं तेल नमनातच संपतंय.

त्या दिवशी मी त्याला लॅपटॉप मिटायला लावला आणि स्वयंपाकघरात नेलं. तिथे माझ्याकडे दोन दिनदर्शिका टांगलेल्या आहेत. एक जबलपूरची लाला रामस्वरूप, कारण मध्य प्रदेशात सणवार, सुट्ट्या सगळं जग तिच्यावर बघतं. दुसरं कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांतसुद्धा भिंतीवरची ती जागा तेव्हापासून त्याचीच झाली. माझ्या कालनिर्णयाच्या चौकोनांत दुधाचा हिशेब असतो.

रोज दोन लिटर दूध येतं. हे मी कुठेच लिहीत नाही. दूध आलं नाही त्या दिवशी त्या तारखेत 'खा' लिहायचं, खाडा. पाहुणे आले आणि जास्त घेतलं तर '+१'. बाकी चौकोन कोरे. महिनाअखेर दूधवाले भैया येतात, भिंतीसमोर उभे राहतात, मी बोटाने खाडे मोजते, ते मान डोलावतात, पैसे दिले की पान उलटलं. माझी आई असंच करायची, तिच्या आधी तिची आई कोळशाने भिंतीवर रेघा मारायची. एवढ्या वर्षांत या हिशेबावरून आमच्याकडे भांडण झालेलं मला आठवत नाही.

"बघ," मी त्याला म्हटलं, "या महिन्यात किती दिवस दूध आलं नाही?"

त्याने नुसतं बघितलं. "तीन."

तेवढ्यात कळलं. पोहे निवायला वेळच मिळाला नसता.

या हिशेबात कोणती अक्कल आहे ते नीट पाहण्यासारखं आहे. पेन्सिल दोरीने तिथेच बांधलेली आहे, म्हणजे लिहिण्यासाठी उठून कुठे जायला लागत नाही. कोणता प्रश्न विचारला जाणार ते आधीपासून ठाऊक आहे: किती पैसे द्यायचे? प्रश्न ठरलेला असल्यामुळे काय लिहायचं तेही ठरलेलं आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे रोजच्यासारखं झालं ते लिहायचंच नाही. जे वेगळं झालं, चुकलं, राहिलं, तेवढंच लिहायचं. टिपण ठेवण्याबद्दल मला जे काही म्हणायचं आहे ते या एका चौकोनात मावतं. खाडे लिहा.

भेलच्या कारखान्यातही हेच चालायचं. ती कंपनी १९५६ मध्ये हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने स्थापन झाली आणि देशभरातून माणसं पिपलानी-गोविंदपुऱ्याकडे आली, त्यांत माझे सासरेही होते. पाळी बदलताना रजिस्टरमध्ये लिहायची नोंद ते सांगायचे. यंत्र नीट चाललं असेल तर एक शब्द. बिघडलं असेल तर काय बिघडलं, कितीला बिघडलं, काय केलं, काय राहिलं. पुढच्या पाळीचा माणूस हातात चहाचा कप घेऊन उभ्याउभ्या ते वाचणार, म्हणून चार ओळींच्या वर जायचं नाही. मामंजींचं अक्षर अगदी गिचमिड होतं, पण त्यांच्या चार ओळी वाचून कामगार थेट यंत्राकडे जायचा.

आता मुलांच्या चौकोनांकडे पुन्हा येते. माणूस हे का करतो, यावर मी बराच विचार केला आहे. कारण मुलंच काय, माझ्या ओळखीतले प्राध्यापक, लेखक, बँकेतले अधिकारी, सगळे कधी ना कधी यात सापडतात. मला वाटतं, याच्या मुळाशी भीती आहे. ट्रान्सफॉर्मरचा धडा वाचताना मध्येच कळतं की आपल्याला हे समजलेलं नाही. ती जाणीव बोचते. धडा तर संपत नाही, संपला तरी समजला का याची खात्री नाही. पण मथळ्यांचा रंग बदलायला घेतला की दहा मिनिटांत काम पुरं होतं आणि पुरं झालेलं दिसतं. दिवसभरात तेवढंच एक काम पूर्णत्वाला गेलेलं असतं. म्हणून हात पुन्हा तिकडेच जातो. यावर मुलाला रागावून काही होत नाही. समजलं नाही हे एका ओळीत लिहून टाकायला शिकवलं की निम्मी बोच जाते, कारण मग ती ओळ घेऊन कुणाकडे तरी विचारायला जाता येतं.

टापटीप वाईट नाही. पण टिपणापेक्षा टापटीप जड झाली की नाकापेक्षा मोती जड, आणि नाक आधी दुखतं.

जुन्या पेढ्यांकडे बघा. आपल्या सावकार-व्यापाऱ्यांच्या दोन वह्या असायच्या, रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने लिहायचा. तेल विकलं, गूळ आला, हमालाला दिले, सगळं एकाखाली एक. त्या वेळी 'हे कोणत्या खात्यात जाईल?' असा विचार करत बसायचं नाही, गिऱ्हाईक उभं आहे. नंतर सवडीने त्यातून निवडून खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचं. आधी घडलं तसं लिही, मग लागेल तेवढं वेगळं काढ. आजची मुलं उलटं करतात. आधी खतावणीची चाळीस खाती उघडतात, प्रत्येकाला चित्र लावतात आणि मग रोजकीर्दीत लिहायला काही घडायची वाट बघतात.

आणखी एक गोष्ट त्या पेढ्यांकडून घ्यावी. वही बदलायची ती दिवाळीत. लक्ष्मीपूजनाला नव्या चोपडीची पूजा व्हायची, पाडव्याला पहिली नोंद. रकाना अरुंद पडतोय, शाई फुटतेय, मुनीमजींना दुसरी रीत सुचली आहे, सगळं पाडव्यापर्यंत थांबायचं. मधल्या वर्षात वही बदलली तर मेळ बसत नाही, हे त्यांना पैसे घालवून कळलं होतं. मी हा नियम माझ्या घरात लावला आहे आणि वरच्या मुलालाही लावला. पद्धत आवडत नाही? ठीक आहे, काय आवडत नाही ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. पाडव्याला बघू. पाडवा येईपर्यंत त्यातल्या बहुतेक तक्रारी आपल्याला आठवतही नाहीत.

यावर तो मुलगा म्हणाला, "पण काकू, तो जर्मन प्रोफेसर तर हजारो चिठ्ठ्या ठेवायचा ना. त्याच्या पद्धतीवरच हे सगळं आहे."

निकलास लुहमान हे नाव त्याने व्हिडिओत ऐकलेलं. खरं आहे. समाजशास्त्राच्या या अभ्यासकाने सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या आणि त्या चिठ्ठ्यांच्या पेट्यांतून डझनावारी पुस्तकं निघाली. त्याचा हा संग्रह आज बीलेफेल्डच्या विद्यापीठाकडे आहे. पण व्हिडिओवाले एक गोष्ट सांगत नाहीत. त्याने पहिला संग्रह १९५०च्या दशकात सुरू केला, १९६०च्या दशकाच्या आरंभी दुसरा नव्याने मांडला आणि मग जवळजवळ शेवटपर्यंत तोच चालवला. चाळीसहून जास्त वर्षांत मोठा बदल एकदा! साधी कागदाची चिठ्ठी, वर क्रमांक, लाकडी खण. आमच्या माडीवर हाच बदल चार महिन्यांत चार वेळा झाला.

आणि चिठ्ठ्यांचंच बघायचं तर जर्मनीला कशाला जायचं? पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. तिथे १९४८ मध्ये सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू केलं. सुमारे दीड हजार संस्कृत ग्रंथ वाचायचे आणि शब्द कुठे, कोणत्या अर्थाने आला ते एकेका चिठ्ठीवर उतरवायचं. पंचवीस वर्षं नुसत्या चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. त्यांची संख्या एक कोटीच्या आसपास गेली. पहिला खंड १९७०च्या दशकात निघाला. त्यानंतर इतके खंड होऊनही काम अजून 'अ'ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या पलीकडे गेलेलं नाही. मला या कामापुढे हात जोडावेसे वाटतात. एका पिढीने लिहिलेली चिठ्ठी तिसऱ्या पिढीचा माणूस खणातून काढतो आणि त्याला ती समजते. त्याचं कारण, चिठ्ठीचा साचा ठरलेला आहे आणि तो कुणी आपल्या लहरीने बदललेला नाही. ज्यांनी लिहिलं त्यांच्यातल्या अनेकांना माहीत होतं की छापलेला शेवटचा खंड आपल्या हातात येणार नाही.

तिथे मोठी व्यवस्था लागतेच. हात शेकडो, वर्षं अनेक, लिहिणारा एक आणि वाचणारा दुसरा. गेटच्या नोट्स लिहिणाराही तोच, वाचणाराही तोच, आणि मुदत फेब्रुवारीपर्यंत. कोशाची व्यवस्था त्याच्या खोलीत आणणं म्हणजे दोन माणसांच्या वरणाला लग्नाचं पातेलं चढवणं. पाणीच उकळत राहतं.

आमच्या या मुलखातला एक माणूस मला या बाबतीत फार जवळचा वाटतो. विष्णू श्रीधर वाकणकर. जन्म १९१९, नीमचचा. आयुष्य उज्जैनमध्ये गेलं. मध्य भारतातल्या मराठी घरांना हरिभाऊ वाकणकर म्हणूनच माहीत. १९५७ मध्ये रेल्वेने भोपाळकडे येत असताना त्यांना खिडकीतून दूरच्या टेकडीवरचे खडक दिसले. ते खडक काही तरी वेगळे आहेत हे त्यांच्या डोळ्यांनी टिपलं. ते तिथे पोचले आणि भीमबेटका जगाला कळलं. इंद्रपुरीपासून सकाळी निघालं तर न्याहारीच्या वेळेला पोचता येईल इतकं ते जवळ आहे. सातशेहून जास्त शैलाश्रय, त्यांतल्या अनेकांत चित्रं, आणि २००३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत.

खिडकीतून खडक इतरांनाही दिसत होते, त्याच गाडीत शेकडो माणसं होती. वाकणकरांकडे हाताला वळण असलेली चित्रकाराची नजर होती, आणि आयुष्यभर ते खडकांसमोर उभे राहून चित्रांच्या नकला उतरवत राहिले. हजारो रेखाटनं केली. कागद, पेन्सिल, रंग. भीमबेटक्याला गेले की मी 'प्राणिसंग्रहालय' म्हणतात त्या खडकासमोर बराच वेळ उभी राहते. वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी एकाच भिंतीवर, आधीच्या चित्रांवर आपली चित्रं काढली आहेत. बैल, हरणं, हत्ती, सगळे एकमेकांत मिसळलेले. हे उतरवून घ्यायचं तर आधी बघावं लागतं की कोणती रेघ कोणत्या रेघेच्या वर आहे. हात चालताना डोळे उघडतात. फोटो काढून पुढे गेलं तर ते दिसत नाही. मी दोन्ही करून पाहिलं आहे, म्हणून सांगते.

टिपण म्हणजे माझ्या मते हेच. समोरची गोष्ट आपल्या हाताने पुन्हा एकदा करून बघणं. स्लाइडचा फोटो, पीडीएफची ओळ उचलून चिकटवणं, कुणाच्या तरी नोट्सची झेरॉक्स, यातलं काहीच मी टिपण मानत नाही. ती साठवण झाली. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००६चा प्रयोग विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. एक उतारा काहींनी पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून पुस्तक बाजूला ठेवलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पहिले पुढे होते. आठवड्याने दुसरे पुढे गेले. परीक्षा तर महिन्यांनी असते.

एक गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यांसाठी वेगळी सांगायला हवी, कारण इंग्रजी व्हिडिओंत ती कधीच येत नाही. आपली जुनी टिपणं आपल्यालाच सापडत नाहीत, याचं मोठं कारण अक्षरं आहेत. एके काळी देवनागरी टंकलेखन म्हणजे कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी असे वेगवेगळे टंक. त्यांत लिहिलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या जागा वापरून ठेवलेला असतो, टंक गेला की पडद्यावर नुसता कचरा दिसतो. माझी तीन वर्षांच्या सदरांची कच्ची टिपणं अशीच गेली. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मी ती मोठ्या हौसेने, आडव्या-उभ्या रकान्यांत मांडली होती, ते पुढे चालेना आणि बाहेर काढलेला मजकूर वाचता येईना. त्यात एका वृद्ध गायकांशी झालेलं दोन तासांचं बोलणं होतं. ते आज नाहीत. ते बोलणं मला पुन्हा मिळणार नाही, आणि ही गोष्ट मला अजून लागते.

आता युनिकोड आहे, तरी एक खाच शिल्लक आहे. 'ॲप' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. 'अ'वर अर्धचंद्र वेगळा देऊन, किंवा 'ॲ' या अख्ख्या अक्षराने. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. दिसायला दोन्ही एक, यंत्राच्या लेखी दोन. फोनवर एक येतं, लॅपटॉपवर दुसरं. मग तुम्ही शोधता आणि यंत्र सांगतं, असा शब्दच नाही. चाळीस खुणा लावून ठेवल्या आणि त्यातल्या पाच अशा दुभंगलेल्या असल्या, तर त्या खुणांचा उपयोग काय? म्हणून खुणा कमी, त्या साध्या शब्दांच्या, आणि मजकूर साध्या फाइलमध्ये, जी कोणत्याही यंत्रावर उघडेल. ऑब्सिडियनचं एवढं मला आवडतं की ते आतून साध्या मजकुराच्याच फाइली ठेवतं. पण त्याला जोडायच्या उपकरणांचा बाजार हजाराच्या वर आहे, आणि मुलं त्या बाजारातून घरी परतत नाहीत.

माझं स्वतःचं विचाराल तर एक दोनशे पानी वही. पानांवर क्रमांक मी पहिल्याच दिवशी घालते, अर्ध्या तासाचं काम. वर तारीख. घडलं, ऐकलं, सुचलं ते त्या तारखेखाली. शेवटची दोन पानं सूचीला राखलेली: 'पिपलानी बाजार – १२, ३१', 'दुधाचे भाव – ४०', 'वाकणकर – ७, ५५'. दर रविवारी वीस मिनिटं बसून आठवड्यातलं जे पुन्हा लागेल असं वाटतं तेवढंच सूचीत नेते. उरलेलं तारखेखाली झोपलेलं राहू दे, काही बिघडत नाही. फोनमध्ये एकच फाइल, बाजारात उभं असताना जे लागतं त्यासाठी: गॅसचा ग्राहक क्रमांक, चष्म्याचा नंबर, यजमानांच्या गोळ्यांची नावं. डॉक्टरांना दाखवायचा रक्तदाब मात्र कालनिर्णयावरच, कारण ते पान काढून थेट त्यांच्यासमोर ठेवता येतं आणि महिन्याचा चढउतार त्यांना एका नजरेत दिसतो.

काही जणांना रंगीत पेनं, चिकटचित्रं, सुंदर पानं यांत खरा आनंद मिळतो. त्यांनी जरूर करावं. रांगोळीइतकीच ती चांगली गोष्ट आहे. फक्त तो वेळ अभ्यासाच्या खात्यावर लिहू नये.

तर त्या रविवारी मी वरच्या मुलाला माझ्याकडची कोरी कॉपी दिली. सराव-परीक्षा झाली की तारीख घालायची आणि त्याखाली फक्त खाडे. बरोबर आलेल्या प्रश्नांबद्दल एक शब्द नाही. चुकलेल्या प्रत्येकाला एक ओळ: काय विचारलं होतं, मी काय केलं, काय करायला हवं होतं. समजलंच नसेल तर 'समजलं नाही' असं सरळ लिहायचं. दोन दिवसांनी तो तीन रंगांची पेनं घेऊन आला. ती मी ठेवून घेतली.

"काकू, एका रंगात बोअर होतं ना."

"होऊ दे. पाडव्याला देते परत."

तीन आठवड्यांनी तो कॉपी घेऊन खाली आला, जरा ओशाळलेला. पहिल्या तारखेखाली लिहिलं होतं: स्टार जोडणी, लाइन व्होल्टेज काढताना रूट तीनने गुणायचं विसरलो. दुसऱ्या तारखेखाली: रूट तीन. तिसऱ्या तारखेखाली पुन्हा तेच, दोनदा. तो म्हणाला, "मला वाटायचं मी मशीन्समध्ये कच्चा आहे. सगळा विषय पहिल्यापासून करायला घेणार होतो." विषय त्याला येत होता. एक पायरी त्याच्या हातून गळत होती, तीच, दर वेळी. ते त्याच्या पाचही व्यवस्थांत कुठेच दिसलं नव्हतं, कारण तिथे ते लिहायची वेळच आली नव्हती. आम्ही दोघांनी बसून स्टार आणि डेल्टाची आकृती काढली. मला त्यातलं फार कळत नाही, पण तो मला समजावून सांगत होता आणि सांगता सांगता एके ठिकाणी थांबला, मागे गेला, पुन्हा सांगू लागला.

परवाच्या चाचणीनंतर त्याने कॉपी पायरीवरच उघडून दाखवली. तारखेखाली चार ओळी होत्या. रूट तीन त्यांत नव्हतं.